बेचाळीस जणांचा दुष्काळ

आमच्या सोनईकडच्या मंडळीत कुठलाही कार्यक्रम ठरला, की कार्यक्रम उभा राहायच्या आधी किस्सेच उभे राहतात. रविवारची उपासना संपली, चर्चबाहेर चहा आला, की कुणीतरी म्हणतंच, "अरे, त्या नाटकाच्या वेळचं सांग ना!" आणि सगळे माझ्याकडे बघतात. कारण त्या नाटकाचा प्रॉम्प्टर मी होतो.

मला खरं तर गायचं होतं. पण आढाव गुरुजींनी माझी एक ओळ ऐकली, डोळे मिटले आणि म्हणाले, "तुमचं वाचन फार स्पष्ट आहे हो!"

*

नाटक गुरुजींनी स्वतः लिहिलं होतं, चालीही त्यांच्याच. चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत काढलेला माणूस, रिटायर झाल्यावर गप्प बसतोय होय! नाव 'संगीत दूरचं पाणी'. आमचे पणजोबा, खापरपणजोबा जामखेडकडून दुष्काळात इकडे कसे आले, त्याची गोष्ट.

आता आमच्या मंडळीचा एक नियम आहे. काहीही बसवायचं तर प्रत्येक घरातलं एक माणूस स्टेजवर दिसलंच पाहिजे. नाहीतर पुढचे सहा महिने ते घर मागच्या बाकावर बसतं. त्यामुळे गुरुजींच्या अकरा पात्रांची बघता बघता बेचाळीस झाली.

शेवटी चर्चचे पाळकसाहेब हळूच म्हणाले, "गुरुजी, एवढी माणसं जगली, तर दुष्काळ कसला हो?"

*

त्या बेचाळिसांत रूबेनअण्णा होते. अण्णांचं हॉटेल आहे आणि त्यांच्या भज्यांचं पहिलं गिऱ्हाईक ते स्वतःच. त्यांना उपाशी गावकऱ्याचं काम मिळालं. धोतर नेसून, पोट पुढे करून ते उभे राहिले, तेव्हा गुरुजींनी कपाळाला हात लावला.

"अण्णा, गावात तीन वर्षं दाणा नाही. आणि तुम्ही हे असे?"

अण्णा शांतपणे म्हणाले, "मी दुष्काळाचा पहिला दिवस करतो!"

*

नाटक चर्चच्या पटांगणात होणार होतं, म्हणून गुरुजींनी हट्ट धरला, बैलगाडी खरीच पाहिजे. शेजारच्या वस्तीवरच्या भाऊसाहेबांनी आनंदानं बैलजोडी आणली. दरवर्षी नाताळचा फराळ त्यांच्याकडे जातो, दिवाळीचा आमच्याकडे येतो, त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

पहिल्या तालमीत बैल एकदम शहाण्यासारखे उभे. पेटी वाजली, ढोलकी वाजली, कान हलले नाहीत. मग आमच्या क्वायरनं चार आवाजांत सूर लावला आणि डावीकडचा बैल गाडीसकट घराच्या रस्त्याला लागला!

भाऊसाहेब पळत जाऊन त्याला घेऊन आले. म्हणाले, "गुरुजी, जनावर गरीब हाय वो. भजनाला त्याची ना न्हाई. पर समद्यांनी एकच चाल म्हणा की!"

प्रयोगात क्वायर एकाच आवाजात गायला. ऐकायलाही बरं वाटलं, खरं सांगायचं तर.

*

दुसऱ्या अंकात गावकरी पावसासाठी प्रार्थना करतात. गुरुजींनी त्यासाठी दोन ओळी लिहिल्या होत्या. त्या रूबेनअण्णांच्या वाट्याला आल्या.

रंगीत तालमीत अण्णांनी डोळे मिटले, हात जोडले आणि नाटक विसरले. पाऊस मागून झाला. मग मंडळीतल्या आजारी लोकांसाठी मागितलं, परीक्षेला बसलेल्या मुलांसाठी मागितलं, वस्तीवरचा ट्रान्सफॉर्मर पंधरा दिवस जळालेला होता, त्याच्यासाठीही मागितलं. बाकीच्यांचेही डोळे मिटलेले. प्रार्थना चालू असताना मध्ये बोलणार कोण?

मी विंगेतून एकच शब्द पुन्हा पुन्हा देत होतो, "आमेन! अण्णा, आमेन!"

दुसऱ्या दिवशी ट्रान्सफॉर्मर आला. मग अण्णांना आवरायची कुणाची छाती!

*

आता मार्थाबाईंचं. बाई सत्तरीच्या, आवाज खणखणीत. नाटकात त्या म्हातारी आई आणि त्यांची खरी सून सुनीता हीच नाटकातलीही सून. तरणी माणसं गाडीत बसून गाव सोडतात, म्हातारी मागे राहते, आणि सुनेला सांगते, "जा पोरी, मागं बघू नको." मग सुनीताचं गाणं.

चार गाणी पाठ असलेल्या मार्थाबाई या एका वाक्याला प्रत्येक तालमीत गप्प व्हायच्या.

कारण सगळ्यांना माहीत होतं. सुनीता नर्सिंग शिकलेली. पुण्याच्या एका हॉस्पिटलातून तिला नोकरीचं पत्र आलं होतं, प्रयोगानंतरच्या सोमवारी हजर व्हायचं होतं. मुलगी, छोटी, इथल्याच शाळेत. नवरा सुप्याला कारखान्यात, तो म्हणायचा, "आई म्हणेल तसं." आणि आई हो म्हणत नव्हती, नाहीही म्हणत नव्हती. सुनीताची बॅग भरून कॉटखाली ठेवलेली होती. मला त्या दोघींकडे बघून फार वाईट वाटायचं.

मी वाक्य द्यायचो. एकदा, दोनदा.

"ऐकू आलं मला," त्या म्हणायच्या. "भैरी न्हाई मी."

गुरुजींनी विचारलं, "वाक्य बदलू का, मार्थाबाई?"

"नको. वाक्य चांगलं हाय."

*

प्रयोग शनिवारी संध्याकाळी झाला. पटांगण भरलेलं, भाऊसाहेबांची अख्खी वस्ती पुढच्या सतरंजीवर. अण्णांच्या पोटाला टाळ्या, गाण्यांना वन्समोअर, बैल जागेवर. मजा आली!

मग ती जागा आली. सुनीता गाठोडं घेऊन गाडीशी उभी. मार्थाबाई गप्प.

मी वाक्य दिलं. पुन्हा दिलं. तिसऱ्यांदा इतक्या जोरात दिलं, की सतरंजीवरच्या बायकांनीही ऐकलं.

मार्थाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. सुनीताजवळ गेल्या. तिच्या डोक्यावरचा पदर नीट केला.

"सोमवारी हजर व्हायचंय न्हवं? मग उद्या उपासना झाली, की दुपारच्या यष्टीनं जा. छोटीला मी बघते. तिच्या शाळेचंबी मी बघते."

दुष्काळाच्या गावात एसटी! पण पटांगणात कुणी हसलं नाही. पेटीवाल्यानं गाण्याची सुरुवात वाजवली, पुन्हा वाजवली. सुनीताला गाणं आठवेना. ती सासूकडे बघत राहिली.

"आई, तुम्ही हे खरं म्हणताय का नाटकातलं?"

"नाटकातलं अजून म्हनलंच न्हाई," मार्थाबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "हां, द्या आता वाक्य!"