चंद्रावरची खदान आणि हट्ट्याची सोयरीक

आता हसू नका, पण माझी जमत आलेली सोयरीक चंद्रामुळे मोडली. पत्रिकेतल्या नव्हे हो, आकाशातल्या खऱ्या चंद्रामुळे!

त्या वर्षी माणूस चंद्रावर उतरला आणि तिथले दगड घेऊन आला. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी बालाघाटजवळच्या मॅंगनीजच्या खाणीत टाइमकीपर, दिवसभर डोळ्यांसमोर दगडच. इथल्या काळ्या दगडाला एवढी किंमत, तर चंद्रावरच्याला किती असेल? जेवताना, अंघोळ करताना तोच विचार. मी कॅन्टीनमध्ये शिरलो की लोक अर्धा चहा टाकून उठायचे.

अशात हट्टा गावाहून स्थळ आलं. मुलगी मी एका लग्नात पाहिली होती. पंगतीत तिनं मला "आणखी वाढू काय?" असं विचारलं होतं आणि मी पोट फुटेस्तोवर जेवलो होतो. ही सोयरीक मला हवीच होती. जीव नुसता टांगणीला लागला होता.

बोलणी करायला हट्ट्याला जाताना वाटेत माझ्या थोरल्या भावानं, दादानं, बजावलं, "तिथं तोंड उघडू नोको. तुही नोकरी पक्की हाय, तेवढंच त्याइले पाह्यजे. चंद्राचं नाव काढलं तं मी उठून येईन."

"हौ," मी म्हणालो.

मुलगी चहा ठेवून गेली. जाताना किंचित हसली. तिचे वडील धानाचे, म्हणजे भाताचे, शेतकरी, बोलणं कमी. दादाही गप्प. मी पाय हलवत बसलो. अशी शांतता मला सोसतच नाही, काय करणार?

"काकाजी, चंद्रावरचे दगड पाह्यले काय पेपरात?"

दादानं कपाळाला हात लावला. काकाजी मात्र पुढे सरकले.

"नाही बा. काय हाय त्याइच्यात?"

झालं. इतक्या आस्थेनं मला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. मी सुटलो. लोखंड, तांबं, मॅंगनीज, सगळा माल तिथं उघड्यावर पडलेला. ना मालक, ना रॉयल्टी, नुसतं यानात भरून आणायचं. माझ्या चहावर साय धरली.

"मंग तुमच्या खदानीचं काय होईन?" काकाजींनी विचारलं.

"कुलूप लागीन, काकाजी. आपला माल मंग घेईन कोन?" मी अगदी अभिमानानं सांगितलं.

दादाला जोरात खोकला आला. मला वाटलं, चिवड्यातला दाणा अडकला.

"अन् हे कधी?"

"होऊनच राह्यलं समजा. माह्यं लेकरू शाळेत जाईस्तोवर तं पक्कं."

काकाजी विचारात पडले. मग हळूच म्हणाले, "बरं बाबू, चंद्रावर धान होते काय?"

मला त्यांच्या भोळेपणाचं हसू आलं. "तुमी बी काय, काकाजी. तिथं पानी नाही, हवा नाही. धान कुठून होईन?"

"पक्कं ना?"

"लिहून देतो."

काकाजींचा चेहरा खुलला. आतल्या खोलीकडे वळून त्यांनी बायकोला हाक मारली, "आयकलं काय वं? त्या राइस मिलमंधल्या मुनीम पोराले होकार कळवून टाकू."