केसांखालची जखम

मुलीच्या हट्टापायी आम्ही पांढऱ्या, दाट केसांचं एक स्पिट्झ जातीचं पिल्लू घेतलं. वर्षभरात तिची शाळा आणि क्लास वाढले. मी आणि बायको दोघंही अमरावतीत नोकरीला. शेवटी आम्ही त्याला वरूडला माझ्या आईवडिलांकडे नेऊन सोडलं. तिथे संत्र्याचा बगीचा आहे, त्याला मोकळं फिरता येईल, असं आम्ही स्वतःला समजावलं.

वडिलांनी घरात कधी कुत्रं पाळलं नव्हतं. तरी ते अमरावतीला येऊन जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना भेटले. बारीक तारांचा ब्रश, लांब दात्यांचा लोखंडी कंगवा आणि नखं कापायचं कटर घेऊन गेले. रोज संध्याकाळी बगीच्यातून आले, की हातपाय धुऊन ते ओट्यावर बसत आणि त्याला मांडीशी घेत. मला ते जरा जास्तच वाटायचं. एकदा मी हसलो, तेव्हा ते म्हणाले, “तू भांग पाडूनच हापिसात जातो ना? मंग याचा कोन पाडन?”

गेल्या हिवाळ्यात वडील गेले. तेरावं झाल्यावर मी कुत्र्याला अमरावतीला घेऊन आलो. आई माझ्या मोठ्या भावाकडे वरूडलाच राहिली. ब्रशची पिशवीही तिथेच राहिली. मलाही त्या पिशवीची आठवण झाली नाही.

कुत्रा दिवसभर जिन्याखाली पडून असायचा. खायचा थोडं, जवळ फारसा यायचा नाही. दुःखात आहे, असं आम्ही धरून चाललो. तीन महिने असेच गेले. मग त्याच्या अंगाला वास यायला लागला. एका रविवारी मी त्याला शाम्पू लावून आंघोळ घातली आणि उन्हात बसवलं. केस वाळले तशा काखेत आणि कानांमागे जटा घट्ट आवळल्या. बोटही आत शिरेना. मी घरातली कात्री आणली. त्याच्या कानामागची जट ओढून धरली आणि कापली.

तो एकदाच केकाटला. माझ्या हातात केसांबरोबर रक्त आलं. जट ओढताना तिच्याबरोबर कातडी वर आली होती आणि मी कातडीच कापली होती. तो मला चावला नाही. नुसता लघवी करून तिथेच बसला.

बायकोने जखमेवर टॉवेल दाबून धरला. आम्ही ऑटोने त्याच डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी आधी टाके घातले, मग मशीनने शेपटी सोडून सगळे केस उतरवले. एकेक जट निघाली तसं खालचं अंग दिसायला लागलं. काखेतली कातडी लाल, ओली होती. पोटाला गोचिड्या होत्या. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूचं, जमिनीला न टेकणारं नख गोल वाढून मांसात रुतलं होतं. तो जिन्याखालून उठत का नव्हता, ते मला तेव्हा कळलं.

“आंघोळीच्या आधी केस विंचरायचे. जट ओली झाली की आणखी आवळते,” त्या म्हणाल्या. “आधी कोण करायचं याचं?”

“वडील.”

त्यांनी कटर घेतलं आणि रुतलेलं नख कापलं.

संध्याकाळी मी आईला फोन करून पिशवी पाठवायला सांगितली. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच एसटीने पिशवी घेऊन आली. कुत्र्याला पाहून ती खाली बसली. “हे काय करून ठेवलं रे याचं?” एवढंच म्हणाली. मी झालेलं सगळं सांगितलं. माझी चूक होती, तीही सांगितली.

केस उरले होते फक्त शेपटीवर. तिथेच तिने मला दाखवलं. केस मुळाशी एका हाताने धरायचे, म्हणजे ओढ कातडीला बसत नाही. टोकाकडून सुरुवात करायची, मग आत जायचं. ब्रश झाला की कंगवा. तो अडला, तर तिथे गुंता आहे.

“तुले कसं येते हे?” मी विचारलं.

“रोज पायत होती मी,” ती म्हणाली. मग ब्रश चालवता चालवताच बोलली, “शेवटच्या हप्त्यात त्याईले उठवत नव्हतं. तरी मले म्हने, ब्रश आन. मी आनला. दोन हात फिरवले अन् थांबले. म्हने, बाकीचं उद्या करतो.”

तेराव्यापर्यंत ती कोणासमोर रडली नव्हती. आता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात थांबत नव्हता. मी कुत्र्याचा पाय धरून तिच्याजवळ बसून राहिलो.

ती पंधरा दिवस राहिली. जखम भरली, तो जिन्याखालून बाहेर यायला लागला. केस वाढायला पावसाळा उजाडला. आता ऑफिसातून आल्यावर मी त्याला ब्रश करतो, रविवारी नखं आणि कान पाहतो. कानामागे टाक्यांच्या जागी केस परत आले नाहीत. तिथे ब्रश पोहोचला, की त्याचं अंग अजून आकसतं. मी हात उचलतो, त्याला सैल होऊ देतो आणि मग पुढे जातो.