गुलबक्षीचा काठ

“ताई, काठ मिटलाय!”

दसऱ्याची सकाळ होती. पूजेला चकचकीत दिसावी म्हणून मी अंगणात गाडी धूत होते. एका हातात ओला फडका, दुसऱ्या हातात फोन, आणि फोनवर वैशाली जवळजवळ रडत होती. मला काही कळेना. काठ उसवतो, विरतो, फार तर रंग सोडतो. मिटतो कसा?

“अगं, नीट सांग. झालंय काय?”

“काठाची सगळी फुलं बंद आहेत. एकसुद्धा उघडं नाही. अकराला उद्घाटन आहे, ताई! आणि तात्या खडीच्या ढिगाशेजारी जाऊन उभे राहिलेत. काही बोलतच नाहीयेत.”

तात्या बोलत नाहीत म्हटल्यावर मी फडका बादलीत टाकला आणि तशीच अर्धवट धुतलेली गाडी घेऊन येवल्याच्या रस्त्याला लागले.

मी लँडस्केप डिझायनर. नाशकात गेली कित्येक वर्षं हेच करते. कुठली झाडं कुठे लावायची, वाट कुठून काढायची, सावली कुठे पाडायची, हे ठरवायचं. आमच्या नातेवाइकांच्या मते लॅपटॉपवाली माळीणबाई. असू दे, मला राग नाही. पण या कामातला मला वेड लावणारा भाग म्हणजे रंग. नवीन साइट मिळाली की मला रात्री झोप लागत नाही, काळजीनं नव्हे, आनंदानं.

वैशाली येवल्याच्या पैठणी विणणाऱ्या घरातली मोठी सून. तिचे सासरे, म्हणजे तात्या, हातमागावर बसूनच मोठे झाले. आता घरचे माग आहेत, विक्री आहे. गावाबाहेर नाशिक रस्त्याला त्यांनी नवं दुकान बांधलं. दुकानापुढे ऐसपैस मोकळी जागा. तात्यांचं म्हणणं, खडी टाका आणि पार्किंग करा. वैशालीचं म्हणणं, बाग करा. “लोक साडी बघायला येणार आहेत, गाडी लावायला नाही,” असं ती सासऱ्यांना तोंडावर म्हणाली. त्या घरात हे म्हणजे फारच झालं. बरेच दिवस धुमसत होतं. शेवटी तात्या म्हणाले, “कर. पण उद्घाटनाच्या दिवशी बाग बघायला बाया थांबल्या, तरच ठेवू. नाही थांबल्या तर दुसऱ्या दिवशी खडी.” आणि खडी त्यांनी आधीच मागवून कोपऱ्यात टाकून ठेवली होती! असा माणूस.

त्या घरात वैशालीनं स्वतः ठरवलेली ही पहिली गोष्ट होती. ती फसली असती तर दुसरी ठरवायला तिला परत कधी मिळाली असती, देव जाणे.

पहिल्याच मीटिंगला तिनं माझ्या टेबलावर एक पैठणी पसरली. पोपटी अंग, गर्द गुलबक्षी काठ, काठाला दोन्हीकडून जरीची रेघ. म्हणाली, “ताई, अशी बाग करा.” मी खुर्चीतून उठलेच! एरवी क्लायंट म्हणतो, “मॅडम, कलरफुल पाहिजे.” म्हणजे काय, तर नर्सरीत दिसेल त्यातलं एकेक. दोन लाल, एक पिवळं, एक निळं, मध्ये एक बदक सिमेंटचं. त्याला मी भेळ म्हणते. बागेत रंग दिसायचा तर तो थव्यानं लावावा लागतो. एकाच रंगाची झाडं एका पट्ट्यात, दाट. मग तो लांबूनही दिसतो.

दुसरी गोष्ट. पिवळा, लाल हे रंग पुढे धावत येतात. निळा, जांभळा मागे सरकतात. म्हणून दुकानाच्या भिंतीवर मी निळ्या गोकर्णीचा वेल सोडला, त्यामुळे जागा होती त्याहून खोल वाटायला लागली. लॉन म्हणजे पोपटी अंग. कुंपणालगत काठ. काठाच्या दोन्ही बाजूंना पिवळ्या बुटक्या झेंडूच्या रेघा, म्हणजे जर. दाराशी पांढऱ्या तगरीच्या कुंड्या. आणि काठात लावायला ठरला होता कोंबडा. कोंबड्याच्या तुऱ्यासारखं मखमली फूल, त्यात अगदी साडीतला गुलबक्षी रंग मिळतो. कागदावर इतकं देखणं दिसत होतं की मी ते ड्रॉइंग घरी जेवणाच्या टेबलावर लावून ठेवलं होतं.

पण नवरात्रात कोंबड्याला डेकोरेशनवाल्यांची झुंबड. आमच्यासाठी ठेवलेली रोपं नर्सरीवाल्यानं दुसऱ्याच कुणाला देऊन टाकली. लागवडीचं काम बघणारे माझे कॉन्ट्रॅक्टर भाऊसाहेब, सिन्नरकडचे. मी त्या दिवशी घाटात होते, फोनला रेंज नाही. त्यांनी सरळ वैशालीला फोन लावला. ती घाईत म्हणाली, “भाऊसाहेब, काहीही लावा, पण गुलबक्षीच पाहिजे!”

झालं. आमच्या बायकांच्या जिभेवर गुलबक्षी म्हणजे रंग. साडीचा, बांगड्यांचा, लिपस्टिकचा. महिनाभर आम्ही दोघी गुलबक्षी गुलबक्षी करत होतो आणि फुलाची आठवण एकीलाही झाली नव्हती. भाऊसाहेबांनी गुलबक्षीच आणली. झाडं! ज्यावरून त्या रंगाला नाव पडलं ती गुलबक्षी. जी दुपार कलली की फुलते आणि सकाळी ऊन चढलं की मिटून बसते.

मी पोचले तेव्हा दृश्य बघण्यासारखं होतं. पोपटी लॉन झकास. झेंडूच्या दोन रेघा सोन्यासारख्या. आणि मधोमध, जिथे काठ पाहिजे, तिथे नुसता हिरवा पाला आणि सुतळीच्या गाठींसारख्या मिटलेल्या कळ्या. जर आहे, काठ नाही. शेजारी भाऊसाहेब, डोक्याला टॉवेल गुंडाळून, चेहऱ्यावर समाधान.

“मॅडम, सिन्नरच्या सगळ्या नर्सऱ्या पालथ्या घातल्या. लय मरमर केली. काल टेम्पो यायलाच दिवस मावळला, तरी उभ्यानं लावून घेतली.”

“अहो, रंग सांगितला होता, रंग!” वैशाली म्हणाली.

“रंग बी हाय ना, वैनी. जरा दम धरा, संध्याकाळी बघा.”

“उद्घाटन अकराला आहे!”

“आता ते मला कोण बोललं?”

मला हसू आवरेना. अशा वेळी हसू येणं वाईट, पण आलं. वैशालीनं माझ्याकडे असं बघितलं की ते तिथल्या तिथे गिळलं.

कोंबडा मिळणार नव्हता. दसऱ्याच्या सकाळी मजूर मिळणार नव्हते. हातात होतं ते एकच, उद्घाटनाची वेळ पुढे ढकलणं. आणि एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला. अरे, आज दसरा! मी तडक खडीच्या ढिगाकडे गेले.

“तात्या, उद्घाटन संध्याकाळी करू.”

तात्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. “मुहूर्त अकराचा हाय.”

“कुणी काढला?”

“मीच. सकाळी गिऱ्हाईक ताजं राहतं.”

“तात्या, साडेतीन मुहूर्तांतला अख्खा एक आज आहे. आज पंचांग कशाला बघायचं? दिवसभर शुभ.”

“ते मला शिकवता व्हय? आन् पाव्हण्यांचं काय? नाशिकहून बाया निघतीन आता.”

मी काही बोलायच्या आत वैशाली पुढे आली. डोळे अजून ओले होते, पण आवाज पक्का. “मी फोन करते सगळ्यांना. संध्याकाळी सोनं द्यायला इकडेच या म्हणते. दसऱ्याला सकाळी बायका स्वयंपाकघरात असतात, तात्या. संध्याकाळीच नटून बाहेर पडतात. नवी साडी नेसून.”

शेवटचं वाक्य तात्यांच्या बरोबर वर्मी बसलं. विकणाराच तो शेवटी. त्यांनी ढिगातला एक खडा उचलला, हातात फिरवला, परत टाकला.

“ठीक हाय. फुललं तर फुललं. नाही तर उद्या सकाळी ट्रॅक्टर बोलावतो.”

मग काय पळापळ! जणू उद्घाटन माझ्याच घरचं. एकतर कालच उपटून लावलेली रोपं. मुळं दुखावलेली, पानं लोळलेली. अशी झाडं कळ्या न उघडता टाकूनही देतात. गुलबक्षीला फुलायला लागतो दुपारनंतरचा गारवा. ढगाळ दिवस असला तर ती लवकर फुलते, कडक ऊन असलं तर बसून राहते. आणि त्या दिवशी आभाळात औषधालासुद्धा ढग नव्हता! म्हणून आम्ही ढग तयार केला. भाऊसाहेबांच्या टेम्पोत हिरवी नेट होती, नर्सरीत सावलीला वापरतात ती. बांबू ठोकून ती काठावर ताणली. मुळांशी पाणी, पानांवर फवारा, थांबून परत फवारा.

आणखी एक पेच होता. वेळ बदलली की रंगाचं गणितही बदलतं. भर उन्हात फिकट रंग धुतल्यासारखे दिसतात, गर्द रंग टिकतात. संध्याकाळी बरोबर उलटं. उजेड कमी झाला की गुलबक्षी, लाल हे आधी काळवंडतात, पांढरा शेवटपर्यंत दिसत राहतो. म्हणून दाराच्या तगरीच्या कुंड्या उचलून काठाच्या मागे ओळीनं मांडल्या. मागे पांढरं असलं की पुढचा गर्द रंग उठून दिसतो. कुंड्या उचलताना माझी कंबर बोंबलत होती, पण थांबते कोण!

पाहुण्या यायला लागल्या. साड्या काय, गजरे काय! नेट काढली. कळ्या तशाच. वैशाली एकेकीला बसवत होती, सरबत देत होती आणि दर वेळी मान वळवून काठाकडे बघत होती. तात्या दारात हाताची घडी घालून. कुणीतरी म्हणालं, “फीत कापायची ना?” वैशाली म्हणाली, “थोडं थांबू या.” मी झाडांपुढे उकिडवी बसले होते. मनात म्हणत होते, बायांनो, लाज राखा गं!

आणि एक कळी सुटली. खरंच सांगते, डोळ्यांदेखत. आधी टोक सैल झालं, मग पीळ उलगडला, आणि चक्क साडीतला तो गुलबक्षी! मी ओरडलेच. “वैशाली!” मग त्या कळीशेजारची दुसरी. मग पलीकडे चार. भाऊसाहेब टॉवेल उडवत इकडून तिकडे, “हे बघा, हे बघा, सांगत व्हतो ना!” बायका उठून काठाशी आल्या. पाहता पाहता पट्टा भरत चालला.

पण मग एक पिवळं उघडलं. आणि एक पांढरं. वैशालीचा चेहरा पडला. मिक्स रोपं! महिनाभर भेळ नको म्हणून कानीकपाळी ओरडले ती मी, आणि काठातच भेळ.

तात्या खाली उतरले. गर्दीतून वाट काढत आले आणि एका फुलापुढे वाकले. अर्धं गुलबक्षी, अर्धं पिवळं, मध्ये शिंतोडे उडवल्यासारखे.

“हे कुणी रंगवलं?”

“कोणी नाही, तात्या. गुलबक्षीचं असंच असतं. एकाच झाडाला निरनिराळी येतात.”

“एकाच झाडाला?” ते अजून खाली वाकले. “आम्ही ताण्याला एक रंग घेतो, बाण्याला दुसरा, तवा कुठं रंग फिरतो. आन् हे बिनमागाचं?”

मग त्यांनी मान वर केली आणि बायकांना हाका मारायला सुरुवात केली. “ओ बाई, इकडं या, हे बघा! आवो, तिकडं काय, इथं, हे दोनरंगी!” जणू रात्रभर बसून स्वतःच विणलंय. बायका फोटो काढत होत्या, पदर काठाला लावून रंग जुळवत होत्या. एकीला पदर सोडवेना, एकीला मोबाईल. फीत कापायचं सगळे विसरले. दिवे लागले तरी कुणी हलत नव्हतं, आणि मागच्या तगरीनं आपलं काम चोख केलं होतं.

गर्दी पांगल्यावर तात्यांनी मला विचारलं, “हे सकाळी परत मिटणार?”

“हो.”

“रोज?”

“रोज.”

त्यांनी खडीकडे बघितलं, मग सुनेकडे. “वैशाली, खडी मागच्या अंगाला टाकून घे, गाड्या तिकडं लागतीन. आन् सकाळी दुकान उघडून बसून काय उपेग न्हाई. दुकानाची वेळ तू ठरव. ती पाटी रंगवायची राहिलीये.”

वैशाली खाली वाकून माझ्या पाया पडली. मी कसली पाया पडून घेतेय, मी तिला मिठीच मारली. दोघींच्याही हाताला चिखल होता.

आता मी क्लायंटकडून रंगाचं नाव ऐकून घेत नाही. साडी दाखवा, दोरा दाखवा, बांगडी दाखवा, काहीही दाखवा, पण दाखवा. परवाच सिन्नरच्या एका कारखान्यातल्या साहेबांचा फोन आला. म्हणाले, “मॅडम, गेटपाशी सगळं मोरपंखी करून टाका.”

मी विचारलं, “सर, रंग की झाड?”

मग ते म्हणाले, “मिसेसना विचारून सांगतो.”