सहा वाजून दहा मिनिटांची ओळ

संगप्पा बिराजदार पाणी सोडण्याआधी स्वतः प्यायचा. सोलापूरच्या कडेला असलेल्या एका कामगार वसाहतीच्या टाकीवर तो बावीस वर्षं ऑपरेटर होता. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी क्लोरीनचं बटण दाबायचं, अर्ध्या तासानं टाकीच्या नळाखाली तांब्या धरायचा, तो पिऊन संपवायचा आणि मगच व्हॉल्व्ह फिरवायचा. “आदी मी, मग वस्ती,” म्हणायचा. त्याचं घरही त्याच वस्तीत होतं.

आमची कंपनी अशा टाक्यांवर पॅनेल बसवते. बटण दाबलं की वेळेसकट एक ओळ आमच्या ऑफिसातल्या लॉग फाइलमध्ये जाते. पॅनेल बसवायला मी गेले होते तेव्हा संगप्पानं विचारलं, “श्रावणीताई, मी हितं दाबलं की तितं दिसतं व्हय?”

“लगेच दिसतं.”

“मग लई बरं झालं की. आता मला कुनी खोटं पाडनार न्हाय.”

गेल्या उन्हाळ्यात वस्तीत जुलाब-उलट्यांची साथ आली. चाळीस माणसं आजारी पडली आणि गोदावरीबाई गेल्या. त्या संगप्पाच्या शेजारच्या. तो त्यांना अव्वा, म्हणजे आई, म्हणायचा आणि रोज वस्तीतल्या नळाची पहिली घागर त्यांच्या दारात नेऊन ठेवायचा. त्या दिवशीही ठेवली होती.

टाक्या सांभाळणाऱ्या ठेकेदाराला एकच गोष्ट हवी होती: त्या सकाळी क्लोरीनचं बटण दाबलं होतं की नाही. आजच्या आज सांगा. आमच्याकडे सगळ्या टाक्यांची तीन महिन्यांची एकच अवाढव्य फाइल होती आणि जुना जावा प्रोग्रॅम ती पहिल्या ओळीपासून एकेक करत वाचायला एकोणीस तास घ्यायचा. मला हुशारी दाखवायची खाज होतीच. मी आठ थ्रेड लावले. म्हणजे फाइलचे आठ सारखे तुकडे करायचे आणि आठ जणांनी एकाच वेळी आपापला तुकडा वाचायचा. दुपारी एकला सुरू केलेलं काम साडेतीनला संपलं. आमच्या साहेबांनी, महेश्वर सरांनी, सगळ्या ऑफिसला चहा पाजला.

अहवालात त्या दिवसापुढे लिहून आलं: नोंद नाही.

संगप्पाला ठेकेदारासमोर उभं केलं तेव्हा मी कागद घेऊन तिथंच बसले होते. “दाबलंय की वो. सिद्धेश्वराची शपथ. मी प्यालो बी त्यातलं!”

“मग तू कसा आजारी पडला नाहीस?” ठेकेदार म्हणाला.

त्याच प्रश्नात उत्तर होतं. टाकीत पाणी चांगलं होतं, घाण खाली पाइपात शिरली होती. पण कागद हातात आल्यावर पाइप कोण उकरतो? संगप्पानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “काका, मशीनमध्ये नाहीये हो.” त्या वाक्याची मला आजही लाज वाटते. त्याला कामावरून काढलं. वस्तीनं बोलणं टाकलं. महिन्याभरात तो बायकोला घेऊन मैंदर्गीला, भावाकडे निघून गेला.

सहा महिन्यांनी दुसऱ्या कामासाठी तीच फाइल मी जुन्या प्रोग्रॅमवर चालवली. ओळींची संख्या जुळेना. सात ओळी जास्त भरल्या. आधी मला हसू आलं, मग मी बोटांवर मोजलं. आठ तुकडे म्हणजे सात सांधे. मी फाइल आकारानं कापली होती, ओळ कुठं संपते ते न बघता. प्रत्येक सांध्यावरची ओळ मधोमध तुटली आणि अर्धी ओळ वाचता येत नाही म्हणून प्रोग्रॅमनं दोन्ही अर्धे मुकाट्यानं टाकून दिले. तसं टाकायला मीच सांगितलं होतं. त्या सातांतली एक ओळ त्याच सकाळची, संगप्पाच्या टाकीची होती. ६.१०, क्लोरीन सुरू.

“झालं ते झालं. आता जुनी मढी उकरू नका,” सर म्हणाले. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर हे! मी कागद छापला आणि मैंदर्गीची एसटी पकडली.

संगप्पा ओसरीवर बसला होता. निम्मा झाला होता. मी सगळं सांगितलं, रडले, माफी मागितली, कागद त्याच्या हातात दिला. त्यानं त्या ओळीवरून बोट फिरवलं आणि कागदाची नीट घडी घालून तो माझ्या हातात परत ठेवला.

“ताई, तुमचं मन लई मोठं हाय. माज्यासाटी एवढं बनवून आनलं.”

“बनवलं नाही काका! हे खरं आहे. तुम्ही बटण दाबलं होतं.”

“तवा मला बी तसंच वाटायचं. पर मशीन कशाला खोटं बोलंल? तिचं माज्याशी काय वैर हाय? मीच इसरलो आसंन.” त्यानं स्वतःच्या तळहातांकडे बघितलं. “अव्वाला माज्याच हातानं पाजलं.”

मी पुन्हा समजावलं. सांधा, तुकडे, अर्धी ओळ, सगळं. तो मान हलवत राहिला, पोराचा हट्ट ऐकून घ्यावा तसा. शेवटी मी प्यायला पाणी मागितलं. माठ त्याच्या हाताशीच होता, वर तांब्या पालथा घातलेला.

संगप्पानं आत तोंड करून बायकोला हाक मारली, “सिद्धेश्वरी, बाहेर ये गं. ताईस्नी पानी दे.”