गाणाऱ्या कानाचं माप

माणसं समोरच्याचं तोंड बघतात, जहिदा कान बघते. रिक्षात बसली की रिक्षावाल्याचे, मेथी घेताना भाजीवालीचे. लग्नासाठी मुलगा बघून झाला तेव्हा खालानं विचारलं, "कैसा है?" तर ही म्हणाली, "बाया कान जरा तंग है." पुढं त्याच्याशीच निकाह झाला. डावा कान अजून अरुंदच हाय.

तिची आधीची वर्षं मात्र दातांत गेली. कवळ्या करणाऱ्याकडं अकरा वर्षं तिनं लोकांचे दात घासून दिले. मग ऐकायची यंत्रं विकणाऱ्या एका दुकानदारानं विचारलं, "बाई, कानात बसणारे मोल्ड करशील का?" जहिदानं विचार केला, दात चावतात, हलतात, कटकट करतात. कान बिचारा गप पडून असतो. सोपं काम. लगेच हो म्हणाली.

भद्रकालीतल्या गल्लीत तिचा बाप रहेमान टेलर. त्याच्या दुकानाची अर्धी जागा तिनं घेतली. कानात गुलाबी लगदा भरायचा, पाच मिनिटांत तो रबरासारखा झाला की काढायचा आणि त्या मापानं मोल्ड घडवायचा. यंत्र कानामागं बसतं, आवाज मोल्डमधून आत जातो. केसाएवढी फट राहिली तरी आवाज बाहेर निसटतो, फिरून यंत्रात शिरतो आणि यंत्र शिट्टी मारतं. जहिदाच्या मोल्डला फट सापडत नाही, असं लोक म्हणायचे. सुरगाण्याकडची अक्काबाई येईपर्यंत.

अक्काबाई म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी. तिनं ओळ धरायची, मागच्या बायांनी उचलायची. पण दोन वर्षांपासून मागच्या बायांचं ऐकूच येईना. त्या निम्म्यात असतानाच ही पुढची ओळ धरायची. म्हणून यंत्र घेतलं. दोनदा माप झालं, दोन मोल्ड झाले. आणि आता तिसऱ्यांदा जीपनं, मग एसटीनं ती सून ज्योत्स्नाला घेऊन आली अन् तंबाखूच्या डबीतून मोल्ड काढून टेबलावर आपटला.

"ही तुझी शिट्टी घे!"

"काय झालं आजी?"

"काय व्हायचं? गाणं धरलं का वाजते! मागल्या लग्नात नवरदेवाकडची पोरं उलट शिट्ट्या मारत व्हती."

"वरमाय म्हणली, कुणीतरी कुकर उतरवा," ज्योत्स्नानं भर घातली.

"तू हस! रविवारी नातीची हळद हाय. तिथं वाजली तर गाणं भागीबाईकडं जाईल, आन् गेलं का गेलंच. चाळीस वर्षं टपून बसलीय ती. तिच्या आवाजानं म्हैस पान्हा चोरंल!"

जहिदानं मोल्ड पुसला, म्हातारीच्या कानात बसवला, बॅटरी मारून चारी बाजूंनी बघितलं. फट नाही. शिट्टी नाही.

"इथं तर वाजत नाही."

"इथं कशी वाजंल? इथं मी फोटो काढाया बसल्यागत बसते!"

रहेमान मशीनवरून मान वर न करता बोलला, "मी पहिली विजार शिवली एका पहिलवानाची. ताठ उभं करून माप घेतलं. पंगतीला बसला, टर्रकन उसवली. तेव्हापासून गिऱ्हाइकाला आधी उकिडवं बसवतो."

"अब्बा, कान काय उकिडवा बसतो?"

असं म्हणाली खरी, पण करंगळी स्वतःच्या कानात घालून तिनं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. आत कान हलत होता, तोंड उघडलं की रुंद होत होता! जबड्याची खुंटी कानाच्या भिंतीला टेकलेली, आणि अकरा वर्षं दात घासून हे तिला आज कळत होतं. जहिदा लाजली, मग लगदा कालवायला लागली.

"आजी, आता गा."

"इथं? लगीन कुणाचं?"

"कुणाचंबी धरा."

आधी दोरा बांधलेला कापसाचा बोळा, त्यावर लगदा. कान बुजल्यावर म्हातारीला स्वतःच्या आवाजाचा अंदाज राहिना. असा गळा सोडला की गल्लीत स्कूटर थांबल्या.

"शिंप्याची गं लेक, तिला नाही कामधंदा,
म्हातारीच्या कानात भरी चिखलाचा लोंदा!"

ज्योत्स्नानं सवयीनं ओळ उचलली. पाच मिनिटं झाली तरी अक्काबाई थांबेना. ती रहेमानच्या दाढीवर आली होती, आणि रहेमानला पुढचं ऐकायचं होतं. शेवटी माप निघालं. जुन्याशेजारी धरलं तर जबड्याच्या बाजूनं तांदळाच्या कणीएवढं जाड.

रविवारी जहिदा स्वतः सुरगाण्याला गेली. सगळा मांडव हळदीच्या नवरीकडं बघत होता, ही म्हातारीच्या कानाकडं. अक्काबाईनं ओळ धरली. जबडा वर गेला, खाली आला. यंत्र गप. दुसरं गाणं, तरी गप. तिसऱ्या गाण्यात अक्काबाई मध्येच थांबली, हात वर केला. जहिदा बॅटरी काढून उठायला लागली.

म्हातारी मागं वळली. "भागे! माझ्या खांद्याशी बसून नुसता जबडा हलवतीस? आवाज कुठाय? किती वर्षं चाललंय हे?"

मांडव हसून लोळला. भागीबाईनं पदर तोंडाला लावला, आणि त्यानंतर तिला मोठ्यानं गावं लागलं. आवाजाचं म्हणाल तर म्हशीबद्दल अक्काबाई खोटं बोलली नव्हती.

पंगतीत भागीबाई सरकत सरकत जहिदाच्या शेजारी आली.

"बाई, ते आधीचं व्हतं ना, शिट्टीचं... ते कुठं ठिवलंय? अक्काच्या कानात अजून बसंल ना?"

जहिदानं घास हातातच ठेवून तिच्या दोन्ही कानांकडं नीट बघून घेतलं.

"तुमचे कान लय छान हायेत," ती म्हणाली. "माप घेऊन ठेवू का?"