ओढ्याचा तांब्या

सोलापूरच्या गिरणीतून मुरुम गावाकडं पैसे धाडणारे पुष्कळ होते. साथ आली तेव्हा पटकीचं औषध घेऊन आला तो एकटा ईरण्णा. निजामाच्या राज्यात गावच्या आडाकडं बघतंय कोण? त्यानं लाल पूड आडात टाकली, पाणी गुलाबी झालं. लोकांनी शिव्या घातल्या, पण प्यायले आणि वाचले.

त्याची आई नागम्माही तेच प्यायची. मात्र गळ्यातल्या लिंगाला "रंगाचं पाणी चालत न्हाय" म्हणून ती गुपचूप ओढ्यावरून तांब्या आणायची, पूजा करून रोज त्याचंच तीर्थ घ्यायची. ईरण्णाला हे कळलं तेव्हा ती शेवटच्या घटका मोजत होती.

गावातून तेवढी एकच मयत निघाली. लिंगायतांच्या रीतीनं पुरण्याआधी तिच्या तळहातावर ठेवलेल्या लिंगाला पाणी घालायचं होतं. ईरण्णा आडाशी थबकला. मग ओढ्यावर जाऊन तांब्या भरून आणला.