समुद्राकाठचा प्लॉट आणि घडीची टेबलं

शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये आमच्या शेजारी राहणारे नागपूरकर रिटायर झाले आणि महिन्याभरात त्यांनी जाहीर केलं की उरलेलं आयुष्य ते इंडोनेशियातल्या एका बेटावर काढणार. बालीला विमान, तिथून दुसरं लहान विमान, मग फेरी, आणि फेरी जिथे जात नाही तिथे होडी, असा त्या गावाचा पत्ता होता. बालीतल्या एका एजंटाने त्यांना गावाचे ड्रोनने काढलेले व्हिडिओ पाठवले होते. त्यात समुद्र होता, माड होते, आणि माणूस एकही नव्हता. शेजाऱ्यांना हीच गोष्ट सगळ्यात आवडली होती.

त्यांची ही विरक्ती कुठून आली, ते मला ठाऊक होतं. आमच्या मराठी मंडळाची घडीची टेबलं त्यांच्या गराजमध्ये असत, कारण मिनीव्हॅन त्यांच्याकडे होती. त्यामुळे दर शनिवारी कोणाचं तरी डोहाळजेवण, ग्रॅज्युएशन, वास्तुशांत किंवा नुसतीच हौस त्यांच्या दाराशी येई आणि टेबलं मागे. टेबलांबरोबर ते स्वतःही जात. "आयुष्यभर लोकांची टेबलं उचलली यार," ते मला म्हणाले. "आता मला असं ठिकाण पाहिजे जिथे कोणी बोलावणार नाही."

मात्र एकान्तात जायचं ठरवल्यावर आपला माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे कमिटी. आठवड्याभरात मंडळातली आणखी चार कुटुंबं तयार झाली आणि त्यांच्या बेसमेंटमध्ये नियोजित सोसायटीची पहिली सभा भरली. शेजारी अध्यक्ष झाले. मला काहीच विकत घ्यायचं नव्हतं म्हणून मला सल्लागार नेमलं. जमीन अजून कोणी पाहिलेली नव्हती, पण समुद्राकडचे प्लॉट चिठ्ठ्या टाकून द्यायचे की ज्येष्ठतेने, यावर दोन सभा गेल्या. तिसऱ्या सभेत लक्षात आलं की समुद्र पश्चिमेला आहे आणि पूर्वेला डोंगर. वास्तुशास्त्र मानणाऱ्या सभासदांचे चेहरे असे झाले की जणू बेट कोणीतरी उलटं ठेवलंय. मग पाहुण्यांच्या पार्किंगचा नियम झाला. गावात रस्ता नव्हता, पण पुढे होईल, असं ठरलं. सोसायटीच्या आवारात मांसाहार नको, असाही ठराव झाला. ठरावाच्या वेळी मागे स्क्रीनवर तोच ड्रोनचा व्हिडिओ चालू होता आणि त्यात किनाऱ्यावर एक डुक्कर निवांत चालत होतं. कोणी ते पाहिलं नाही. सल्लागाराने पाहिलं, पण त्याचा सल्ला कोणी मागितला नव्हता.

हे सगळं एका सहीवर अडलं होतं. जमिनीसाठी शेजाऱ्यांना नेपरव्हिलचं घर विकावं लागणार होतं, घर दोघांच्या नावावर होतं, आणि वहिनी सही करायला तयार नव्हत्या. वहिनी त्या घरात वीस-बावीस वर्षं राहिल्या होत्या. लायब्ररीत अर्धवेळ काम, दोन भिशा, एक भजनी मंडळ आणि गल्लीतल्या सगळ्यांची खबर, असा त्यांचा संसार होता. मुलीने कॅलिफोर्नियातून फोनवर विचारलं, "आई, इज ही ओके?" वहिनी म्हणाल्या, "ओके आहेत, पण बेटावर जायचं म्हणतायत." त्या भांडल्या मात्र नाहीत. एवढंच म्हणाल्या, "त्या गावातल्या माणसांशी मला बोलायचंय. ती आहेत तरी का ते कळू दे. मग सहीचं बघू." घर विकून देणाऱ्या रिअल्टर बाईंनी 'फॉर सेल'ची पाटी आधीच आणून गराजमध्ये टेबलांना टेकवून ठेवली होती.

म्हणून एका शनिवारी संध्याकाळी बेसमेंटमध्ये व्हिडिओ कॉल ठरला. तिथे रविवारची सकाळ होती आणि चर्च सुटलेलं होतं. गावात फोनला रेंज फक्त धक्क्यावर येते, त्यामुळे सगळं गाव धक्क्यावर जमलं होतं. इथे अध्यक्ष कुर्ता-जॅकेट घालून बसले होते. समोसे डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून आणले होते. वहिनी खाली न येता जिन्याच्या मधल्या पायरीवर बसल्या, म्हणजे सभेत आहेत आणि नाहीतही.

आमच्याकडून सुरुवात सत्काराने झाली. अध्यक्षांनी शाल उलगडून कॅमेऱ्यासमोर धरली आणि मग गावप्रमुखांसाठी म्हणून नारळ स्क्रीनला टेकवला. पलीकडे खसखस पिकली. फोन धरणाऱ्याने तो जरा बाजूला वळवला, तेव्हा कारण दिसलं. धक्क्यावर माणसांच्या मागे नारळांचा ढीग होता, दोन पुरुष उंच.

पण गावप्रमुखही आमच्या तोडीचे निघाले. इस्त्रीचा शर्ट, खांद्यावर विणलेलं वस्त्र, आणि भाषण करायला ते उभे राहिले. त्यांनी समुद्राचे आभार मानले, पूर्वजांचे मानले, जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांचे मानले, आणि अमेरिकेच्या दिशेने नमस्कार केला. गावातल्या शाळेच्या बाई इंग्रजीत सांगत होत्या आणि मधली बरीच वाक्यं दयेने गाळत होत्या. आमची कमिटी भारावून ऐकत होती. इतक्या लांब आपलं माणूस भेटल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर होता.

भाषणानंतर मुद्दा आला. परक्या देशाच्या माणसाला इथे जमीन स्वतःच्या नावावर घेता येत नाही, बाई म्हणाल्या. भाडेपट्टा होऊ शकतो, पण किनारा सगळा कुळांचा, म्हणजे घराण्यांचा, आहे आणि कूळ परक्याला पट्टा देत नाही. आधी त्या माणसाला कुळात घ्यावं लागतं.

"फॉर्मॅलिटी असेल," अध्यक्ष आमच्याकडे वळून म्हणाले.

कुळात घेणं म्हणजे काय, ते बाईंनी समजावून सांगितलं. तुम्हाला एक भाऊ मिळतो, एक बहीण मिळते, आणि त्या घरातल्या सगळ्यांचं जे काही असेल ते तुमचं. लग्नं, बारशी, मर्तिकं. छप्पर शाकारायचं, होडी ओढून वर घ्यायची. लग्नात मांडवाचे बांबू आणि बाकं वाहायची ती कुळातल्या भावांनी. मोठ्या लग्नाला एक डुक्कर न्यायचं. कोणी ना कोणी लग्न करत असतंच, त्या आनंदाने म्हणाल्या.

शेजाऱ्यांनी पाणी प्यायलं. मग त्यांनी ऑफिसातल्या आवाजात विचारलं, की हे सगळं ऑप्शनल आहे का.

बाईंनी प्रश्न गावप्रमुखांना सांगितला. ते आजूबाजूच्या दोघांशी बोलले, मग बाईंना काहीतरी म्हणाले.

"ते विचारतायत," बाई म्हणाल्या, "कोणाच्या लग्नाला तुम्हाला यायचं नाही?"

यावर सोसायटीकडे ठराव नव्हता. तेवढ्यात जिन्यावरून पावलं वाजली. वहिनी खाली आल्या, अध्यक्षांना खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः स्क्रीनसमोर बसल्या.

"मला तिथे कोण असेल?" त्यांनी विचारलं.

बाईंनी सांगताच गर्दीतून एका जाड बाईने हात वर केला. तिच्या शेजारच्या दुसरीने तो खाली ओढला आणि स्वतःचा वर केला. मग तिसरी. त्यांची चांगलीच जुंपली. शाळेच्या बाई हसत म्हणाल्या, "अमेरिकेची जाऊ कोणाच्या घरात येणार, यावरून चाललंय." वहिनींनी विचारलं, लग्नात किती माणसांचा स्वयंपाक असतो, आणि कोण करतं. उत्तर ऐकून त्या जरा पुढे सरकल्या. तांदूळ कोणता, खोबरं किती, हे चालू असतानाच तिकडे होडीचा भोंगा वाजला. सगळं गाव उठून सामान उतरवायला धावलं आणि फोन कुठेतरी उताणा राहिला. स्क्रीनवर नुसतं आभाळ दिसू लागलं. कमिटी बराच वेळ त्याच्याकडे बघत होती. शेवटी खजिनदारांनी आभाळाचे आभार मानले आणि सभा संपली.

सगळे गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "सही कुठे करायचीय?"

"थांब ना," शेजारी म्हणाले. "इतकी काय घाई?"

"तुम्हालाच होती."

"अगं, पण हे घर काय वाईट आहे?"

पुढचा अर्धा तास मी त्यांच्या तोंडून नेपरव्हिलची अशी स्तुती ऐकली की रिअल्टर बाईंना लाज वाटली असती. शिकागोची ट्रेन जवळ, शेजार चांगला, आणि बर्फाने म्हणे तब्येत ठणठणीत राहते. वहिनी ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "घर राहू दे. पण मी जाऊन येणार."

एप्रिलमध्ये त्या गेल्या. शाळेच्या बाईंच्या भाचीचं लग्न होतं. सोसायटी तोवर आपोआप विसर्जित झाली होती. फक्त पार्किंगचा नियम एका सभासदाने आमच्या मंडळाच्या हॉलसाठी वापरायला घेतला. शेजारी रोज रात्री आमच्याकडे जेवायचे आणि वहिनी कधी येणार ते माझ्या बायकोला विचारायचे, कारण वहिनी फोन तिला करायच्या.

त्यातल्याच एका शनिवारी कोणाचं तरी डोहाळजेवण होतं आणि उशिराचा बर्फ पडत होता. मी टेबलं चढवायला मदत करत होतो. गराजच्या दारात बर्फ साचायचा, म्हणून 'फॉर सेल'ची पाटी तिथे आडवी टाकलेली होती आणि तिच्यावर पाय देऊन आम्ही जात-येत होतो. शेजाऱ्यांच्या फोनवर फोटो आला. वहिनी साडीचा पदर खोचून, एका लांब बाकाचं एक टोक धरून उभ्या होत्या. दुसरं टोक त्या जाड बाईच्या हातात होतं. दोघी कशाला तरी मोठ्याने हसत होत्या.

शेजाऱ्यांनी फोटो मोठा करून पाहिला, मग लहान केला, मग पुन्हा मोठा केला.

"बाकं वाहायला पुरुष असतात म्हणाल्या होत्या ना त्या?" ते म्हणाले.

मी म्हटलं, कमी पडले असतील.

त्यांनी फोन खिशात टाकला. "धर तिकडून," ते म्हणाले, आणि आम्ही टेबल उचललं.